‘सगळ्यांवर दाबायचं’: एका लक्षचाचणीचे प्रकरण

तिसरीत शिकणाऱ्या पावणेनऊ वर्षांच्या एका मुलाला त्याचे आईवडील गेल्या डिसेंबरात माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक संगणकीय अहवाल होता आणि त्यातील एका ओळीखाली लाल पेनाने दोनदा रेघ ओढलेली होती. ओळ अशी होती: ‘आवेगांवरील नियंत्रण अत्यंत कमकुवत.’ रेघ शाळेने ओढली होती. कुटुंब नाशिकच्या सिडकोत राहते, वडील अंबडच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात आणि आईचे माहेर दिंडोरी तालुक्यात आहे, जिथे आजोबांची द्राक्षबाग आहे. मुलाला चौथ्या वर्षी स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, निदान झालेले होते. पुढील मजकुरात कुटुंबाची ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत आणि मुलाचा उल्लेख केवळ ‘मुलगा’ असा केला आहे.

आईचा प्रश्न नेमका होता. “मॅडम, हे ऑटिझमचंच आहे की वेगळं काही? एक जण म्हणतात औषध सुरू करा, दुसरे म्हणतात ऑटिझम असला की एडीएचडी असूच शकत नाही.” यातील दुसरे मत निराधार नाही, ते जुने आहे. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या १९९४ सालच्या चौथ्या निदानपुस्तिकेत व्यापक विकासात्मक विकार (स्वमग्नता याच गटात मोडत असे) असलेल्या मुलाला अवधान-न्यूनतेचे, म्हणजे एडीएचडीचे, वेगळे निदान देण्यास मनाई होती. २०१३ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने ती मनाई काढून टाकली आणि तेव्हापासून दोन्ही निदाने एकत्र देता येतात. मात्र अट अशी आहे की लक्षणे मुलाच्या विकासाच्या पातळीशी विसंगत असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत, बारा वर्षांच्या आत दिसू लागलेली असावीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावीत. या प्रकरणात खरी कसोटी विकासाच्या पातळीच्या अटीची लागणार होती, हे त्या दिवशी माझ्याही लक्षात आलेले नव्हते.

आधीचा अहवाल

शहरातील एका केंद्रात ऑक्टोबरात ही चाचणी झाली होती. ती कॉनर्स यांच्या सातत्यपूर्ण कार्यचाचणीची आठ वर्षांवरील मुलांसाठीची आवृत्ती होती. पडद्यावर एकेक इंग्रजी अक्षर क्षणभर दिसते आणि प्रत्येक अक्षराला स्पेसबार दाबायचा असतो, फक्त एक्स आला तर दाबायचा नसतो. दोन अक्षरांमधील अंतर कधी एक, कधी दोन, तर कधी चार सेकंद असते आणि हे सलग चौदा मिनिटे चालते. दाबायला हवे तेव्हा दाबले नाही, तर ती हुकलेली दाबणी ठरते व ढोबळमानाने लक्ष निसटल्याची खूण मानली जाते. एक्सवर हात पडला, तर ती चुकीची दाबणी ठरते आणि तिचा अर्थ सहसा उतावीळपणा असा लावला जातो. याशिवाय प्रतिसादाच्या वेळेत क्षणोक्षणी किती चढउतार झाला हेही मोजले जाते, आणि माझ्या अनुभवात हा तिसरा आकडा अनेकदा पहिल्या दोहोंपेक्षा जास्त बोलका ठरतो.

मुलाचे चुकीच्या दाबणीचे प्रमाणित गुण ७४ होते. या मापात ५० ही सरासरी आणि १० हे प्रमाण विचलन असल्यामुळे ७४ हा आकडा खरोखरच उंच आहे. परंतु चाचणी कोणत्या भाषेत समजावली, सराव किती घेतला आणि नियम मुलाकडून वदवून घेतला का, याविषयी अहवालात एक अक्षरही नव्हते. आईच्या सांगण्यानुसार चाचणी शाळा आणि शिकवणी आटोपून संध्याकाळी साडेपाचला झाली आणि सूचना हिंदीत दिल्या गेल्या. घरात मराठी बोलणाऱ्या, वर्गात मराठी ऐकणाऱ्या मुलाला हिंदी कार्टूनपुरती समजते.

मी त्या केंद्राकडून प्रत्येक दाबणीचा तपशील मागवला आणि त्यांनी तो तत्परतेने दिला, हे नमूद करायला हवे. त्यात एक गोष्ट खटकली. उतावीळ मूल एक्सवर चुकते तेव्हा त्याचा हात सहसा विचाराच्या आधी पोहोचलेला असतो, त्यामुळे चुकीची दाबणी बरोबर दाबणीपेक्षा जलद असते. या मुलाची एक्सवरची दाबणी इतर अक्षरांवरील दाबणीपेक्षा किंचित संथ होती. तो एक्सकडे पाहत होता, बहुधा तो ओळखतही होता आणि मग दाबत होता. चुकीच्या दाबणीतही जलद आणि संथ असा भेद करावा, कारण संथ चुकांमागे उतावीळपणा नसून लक्षाची उणीव असू शकते, हे जेफ्री हॅल्पेरिन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले होते. येथे मात्र लक्षाच्या उणिवेखेरीज आणखी एक शक्यता दिसत होती, ती म्हणजे मुलाला नियमच कळलेला नसावा.

पायाभूत तपासण्या

लक्षाची चाचणी घेण्याआधी कान, डोळे आणि झोप पाहणे ही शिस्त आहे आणि गर्दीच्या दिवशी तीच पहिल्यांदा सुटते. श्रवण आणि दृष्टी ठीक निघाली. वडिलांची दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात मुलगा ते घरी येईपर्यंत, म्हणजे बारापर्यंत जागा राहतो, हे चौथ्यांदा विचारल्यावर कळले. हुकलेल्या दाबण्यांचे झुबके असतील तर क्षणिक शुद्धहरणाचे झटकेही मनात आणावे लागतात, कारण स्वमग्न मुलांत अपस्माराचे (फिट येण्याचे) प्रमाण सर्वसाधारण मुलांपेक्षा जास्त असते. म्हणून बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी मुलाच्या हातात कागदी भिरभिरे देऊन ते तीन मिनिटे जोरजोरात फुंकायला लावले, कारण असे झटके खोल व जलद श्वासाने बहुधा उघड होतात. मुलाने भिरभिरे आनंदाने फिरवले, झटका आला नाही आणि मेंदूचा आलेखही निर्दोष आला.

बुद्धिमापनासाठी बिने-कामत चाचणी वापरली. व्ही. व्ही. कामत यांनी ती गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात कन्नड आणि मराठी भाषक मुलांवर बेतली. तिचे निकष जुने असल्यामुळे तिचे आकडे आजच्या मुलांना काहीसे उदारपणे मोजतात, हे जाणूनच ती वापरावी लागते, पण मराठीत विचारलेले प्रश्न हा तिचा गुण मला अजूनही मोलाचा वाटतो. मुलाचे मानसिक वय सहा वर्षे दहा महिने, म्हणजे ८२ महिने आले. प्रत्यक्ष वय १०५ महिने होते. दोहोंचे गुणोत्तर शंभरात ७८, हाच बुद्ध्यांक.

येथे प्रकरणाला वळण मिळाले. कॅलेंडरप्रमाणे मुलगा आठ वर्षांवरील आवृत्तीला पात्र होता, पण आकलनाच्या दृष्टीने तो सात वर्षांचाही नव्हता. अमेरिकेतील आठ-नऊ वर्षांच्या मुलांवरून बांधलेल्या निकषांशी त्याची तुलना करून ‘अत्यंत कमकुवत’ असे लिहिणे म्हणजे पहिलीतल्या मुलाला तिसरीचा पेपर देऊन त्याला आळशी ठरवण्यासारखे होते.

नियम कोणाला कळला

जानेवारीत एका शनिवारी सकाळी दहा वाजता, झोप पूर्ण झालेली असताना, त्याला बोलावले. पंखा बंद ठेवला, कारण तो पंख्याच्या कुरकुरीकडे सारखा पाहतो हे आधीच्या भेटीत दिसले होते. संगणक सुरू करण्यापूर्वी मी मराठीत नियम सांगितला: “एक्स सोडून सगळ्या अक्षरांवर दाबायचं.” मग विचारले, “आता तू मला सांग, काय करायचं?”

तो म्हणाला, “सगळ्यांवर दाबायचं.”

मी पुन्हा सांगितले, पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर आले. पडद्यावर सरावाचे अक्षर म्हणून एक्स आणला, तेव्हा त्याने तो बोटाने दाखवला, “फुली!” असे समाधानाने म्हटले आणि स्पेसबार दाबला. फुलीगोळ्याच्या खेळात तो भावाबरोबर नेहमी फुलीच घेतो, हे आईने तिथेच सांगितले. म्हणजे अक्षर त्याला अनोळखी नव्हते, उलट सगळ्या अक्षरांत तेच एक त्याच्या जिव्हाळ्याचे होते. वाक्यातील ‘सोडून’ मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते आणि शेवटचा तुकडा तेवढा हाती लागला होता.

एक बाब मला विषयाबाहेरची असूनही येथे नोंदवावीशी वाटते. १९५६ साली रॉसव्होल्ड आणि सहकाऱ्यांनी या जातीची पहिली चाचणी मेंदूच्या इजेचा माग काढण्यासाठी तयार केली, तेव्हा तिच्या सोप्या भागात एक्स दिसला की दाबायचे असे. कॉनर्स यांनी तो नियम उलटा केला, जेणेकरून हात सतत दाबण्याच्या सवयीत राहावा आणि थांबणे खरोखर कठीण जावे. उतावीळपणा मोजायला हा उलटा नियम उत्तम आहे, पण अपवादाचे वाक्य पेलणाऱ्या मुलासाठीच.

त्या दिवशी चाचणी घेतली नाही. त्याऐवजी पुठ्ठ्याची चाळीस पत्ती घेतली, तिसांवर द्राक्षाचा घड आणि दहांवर कांदा. नियम मुद्दाम होकारात मांडला: “घड आला की टेबलावर थाप मारायची, कांदा आला की हात मांडीवर ठेवायचे.” ‘करू नकोस’ या सूचनेला स्वतःची अशी कृती नसते, मांडीवर हात ठेवणे ही कृती असते आणि स्वमग्न मुलाला ती पकडता येते. नियम त्याने स्वतः बोलून दाखवला. संथ गतीत दहा कांद्यांपैकी एकावर थाप पडली, पत्ते भरभर टाकल्यावर तीनांवर. या खेळाला निकष नाहीत आणि त्यावरून कोणताही गुणांक काढता येत नाही. पण नियम कळला तर हा मुलगा थांबू शकतो, एवढे त्यातून नक्की कळले.

पुढच्या दोन भेटींत दोन चाचण्या झाल्या. पहिली त्याच संचाची चार ते सात वर्षांच्या मुलांसाठीची आवृत्ती, जिच्यात अक्षरांऐवजी चित्रे असतात आणि जी साडेसात मिनिटांत संपते. वयाने तो तिच्या बाहेर असल्यामुळे तिचे गुण मी केवळ मानसिक वयाशी ताडून पाहिले आणि अहवालात तसे स्पष्ट लिहिले. चुकीच्या दाबण्या सात वर्षांच्या मुलांच्या जवळपास होत्या, पण शेवटच्या भागात दाबण्या हुकू लागल्या. दुसरी मूळ अक्षरांची चाचणी, जी नियम पाठ म्हणून दाखवल्यावरच सुरू केली. चुकीच्या दाबणीचे गुण ७४ वरून ५९ वर आले. हुकलेल्या दाबणीचे ६८ आणि प्रतिसादातील चढउताराचे ७२ आले. अक्षरांमध्ये चार सेकंदांचे अंतर असे तेव्हा त्याची नजर खिडकीकडे जाई आणि नंतरचे अक्षर हुके. एक सेकंदाच्या अंतरात तो बराच सावध राही. संथ गतीच्या कामात जागेपण टिकवणे कठीण जाणे ही गोष्ट अवधान-न्यूनतेच्या संशोधनात सुपरिचित आहे. लक्षाची अडचण खरी होती. फक्त आधीच्या अहवालाने लाल रेघ दुसऱ्याच गोष्टीखाली ओढवून घेतली होती.

वर्गात

शाळेच्या परवानगीने दोन दिवस मागच्या बाकावर बसून दर पंधरा सेकंदांनी मुलगा कामात आहे की नाही अशी खूण करत गेले आणि तुलनेसाठी शेजारच्या मुलाचीही तशीच नोंद ठेवली. बाईंची मुख्य तक्रार तो न विचारता जागेवरून उठतो अशी होती. दोन दिवसांत तो नऊ वेळा उठला. त्यातील सात वेळा वर्ग एका सुरात पाढे म्हणत होता. दुसऱ्या दिवशी मी घड्याळाऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसले, तेव्हा क्रम दिसला. तेराच्या पाढ्याला पन्नास मुलांचा आवाज चढतो, हा आधी खांदे वर घेतो, मग एक हात कानावर जातो, आणि ‘तेर पंचे पासष्ट’पर्यंत तो दाराशी असतो. हे उठणे उतावीळपणाने होत नव्हते, तर आवाज असह्य झाला म्हणून होत होते, आणि त्याआधी तो जवळजवळ अर्धा मिनिट स्वतःला आवरून धरत होता. बाईंना मी हे दाखवले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मला वाटायचं पाढे येत नाहीत म्हणून पळतो.” पाढे त्याला येत होते.

तोंडी सूचना सुरू असताना मात्र तो कामातून निसटत होता, शेजारच्या मुलापेक्षा कितीतरी जास्त वेळा. समोर कागद ठेवल्यावर हा फरक कमी झाला. ही नोंद संगणकावरच्या निष्कर्षाशी जुळत होती, आणि दोन ठिकाणी दिसण्याची अट त्यामुळे पुरी झाली. घरच्या प्रश्नावलीत आईने तीच लक्षणे भरली होती.

दुसरी तक्रार, हात वर न करता उत्तर ओरडण्याची, तिचा उलगडा मला झाला नाही. ती खरी होती, मी स्वतः अकरा वेळा मोजली. हा उतावीळपणा आहे, की बाईंनी वर्गाला विचारलेला प्रश्न तो स्वतःलाच विचारलेला समजतो, याचा निर्णय दोन दिवसांत करता येत नाही.

फेब्रुवारीत आईने फोनवरचा अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ दाखवला. आजोबांच्या शेडमध्ये तो क्रेटसमोर मांडी घालून बसला आहे, डाव्या हातात घड, उजव्या हातात बारीक टोकाची कात्री, आणि तडकलेले व बारके मणी तेवढे कापून टाकतो आहे. आबा मधूनच “हा राहू दे” म्हणतात, तेव्हा कात्री मण्यापर्यंत पोहोचून थांबते. मी व्हिडिओ दोनदा पाहून मोजले: चांगला मणी त्याने फक्त एकदा कापला. कापायचे आणि ठेवायचे यातील भेद हीच तर आमच्या चाचणीची रचना, आणि आबांच्या मधल्या एखाद्या शब्दाखेरीज या मुलाने ती स्वतःहूनच पाळली. तरीही यावर मी फार विसंबले नाही. व्हिडिओ आईने निवडलेला होता आणि शेडमध्ये गती मुलाच्या हातात असते, पडद्यावर ती यंत्राच्या हातात असते. आवडीच्या कामात टिकणारे लक्ष अवधान-न्यूनतेचे निदान खोडून काढत नाही. कात्री थांबल्याचा तो क्षण मात्र अहवालात लिहिला.

अहवाल आणि पुढे

निष्कर्ष असा लिहिला: स्वमग्नतेसोबत लक्ष टिकवण्यात मानसिक वयाच्या मानानेही लक्षणीय अडचण, आवेगनियंत्रणाच्या कमतरतेला पुरेसा आधार नाही, आधीच्या चाचणीतील गुण नियमाच्या अपुऱ्या आकलनामुळे फुगलेले असण्याची दाट शक्यता, वर्गातील उत्तर ओरडण्याविषयी निर्णय राखून ठेवला आहे. आईने विचारले म्हणून हेही सांगितले की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत अवधान-न्यूनतेचा स्वतंत्र उल्लेख नाही, स्वमग्नतेचा आहे, आणि त्याचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे आधीपासूनच होते.

औषधाचा निर्णय बालमनोविकारतज्ज्ञांचा होता. त्यांनी पालकांना मोकळेपणाने सांगितले की अवधान-न्यूनतेसाठी दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध स्वमग्न मुलांत तितक्या खात्रीने काम करत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा ७२ मुलांपैकी ३५ मुलांना, म्हणजे ४९ टक्क्यांना, लक्षणीय फायदा झाला आणि १३ मुलांना चिडचिडेपणासारख्या दुष्परिणामांमुळे औषध सोडावे लागले. आधी वर्गात बदल करून पाहावेत आणि गरज उरली तर जूनमध्ये शाळा उघडल्यावर, नव्या वर्गशिक्षकांच्या नोंदींसह, कमी मात्रेने सुरुवात करावी असे ठरले. दरम्यान वडिलांनी दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मुलाला साडेनऊला झोपवण्याचे काम आजीकडे दिले.

मार्चमध्ये बाईंनी तोंडी सूचना फळ्याच्या कोपऱ्यात दोन शब्दांत लिहायला सुरुवात केली आणि पाढ्यांच्या वेळी त्याला वाचनालयातून वह्या आणण्याचे काम दिले. जागेवरून उठणे जवळपास थांबले. उत्तर ओरडू नये म्हणून त्याच्या बाकावर एक लाकडी ठोकळा ठेवला होता, जो हातात घेतल्यावरच बोलायचे. पहिले दोन आठवडे ठोकळा चालला, मग त्याला त्याचे काही वाटेनासे झाले.

लक्षाची अडचण उरलीच, म्हणून औषध जूनच्या अखेरीस सुरू झाले. पहिल्या आठवड्यात दुपारची पोळी डब्यात तशीच परत येऊ लागल्यावर मात्रेची वेळ न्याहारीनंतरची केली. नव्या शिक्षकांच्या नोंदींत ऑगस्टपर्यंत तोंडी सूचनांकडे लक्ष स्पष्टपणे सुधारलेले दिसते. उत्तर ओरडणे मात्र जसेच्या तसे आहे, औषधाने ते कमी झाले नाही आणि वाढलेही नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा दोन दिवस वर्गात बसायचे ठरले आहे. या वेळी नव्या वर्गशिक्षकांना प्रत्येक प्रश्नाआधी एखाद्या मुलाचे नाव घ्यायला सांगणार आहे, आणि नाव दुसऱ्याचे असताना हा गप्प राहतो का ते मोजणार आहे.